अठ्ठावीस मिलिमीटर

डंडीत, गोदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
तळघरातलं दुकान. पायऱ्या तेरा.
दर गुरुवारी रात्री तिथे लढाया होतात
थर्माकोलच्या टेकड्यांवर.
सैनिक अठ्ठावीस मिलिमीटरचे,
करंगळीच्या एका पेराहून किंचित उंच.

मी दिवसभर दात करते. लोकांचे. पोर्सलीनचे.
सुळा टोकाशी किती निळसर, हिरडीशी किती पिवळा
हे माझ्या बोटांना पाठ आहे.
सैनिकाच्या बुबुळात उजेड ठेवायला
ब्रशचे दोन केस मला पुरतात.

पहिल्या गुरुवारी काउंटरवरचा रॉरी म्हणाला,
"भेट द्यायचीय? कुठलं सैन्य खेळतो तो?"
तो कोण?
"ज्याच्यासाठी घेताय, तो."
म्हटलं, तो म्हणजे मी, इश्बेल.
मग तोंडी परीक्षा. काळ्या पुलाचा वेढा किती दिवसांचा?
तिसऱ्या सरदाराच्या घोडीचं नाव?
सगळी उत्तरं दिली,
तर म्हणे, घोकून आलीय.
पुढच्या गुरुवारी एक चुकलं,
तर म्हणे, बघा.

माझ्यामागे रांगेत लॉकलन नावाचा पोरगा होता.
घोडीचं सोडा, पूल कुठे आहे तेही त्याला ठाऊक नव्हतं.
त्याला खुर्ची मिळाली.
कुणाच्या तरी पाकिटातले चिप्ससुद्धा.

बारा जणांच्या खोक्यात एक बाई असते.
अकरांना चिलखत, हिला चिलखताचा देखावा.
पोट उघडं, आणि मोहीम बर्फावरची.
अरे, टे नदीवरून वारा सुटला की इथे
कुत्रीसुद्धा स्वेटर घालून फिरतात.

मी कानस घेतली.
तिच्या छातीवरचे दोन घुमट घासून सपाट केले,
हिरव्या पुट्टीचा गुडघ्यापर्यंत कोट चढवला,
दात कोरायच्या हत्याराने सात बटणं काढली.
उरला चेहरा. तिथे नुसते ओठ होते.
त्यावर मी एफी आत्याचं नाक बसवलं.

एफी आत्या तागाच्या गिरणीत, बत्तीस वर्षं.
मागांच्या खडखडाटात कान गेले,
पण आख्खं खातं ओठांवर बोलायचं,
लग्नं, बाळंतपणं, मुकादमाच्या नकला.
तिने मला ओठ वाचायला शिकवलं.
त्यामुळे पलीकडच्या टेबलाशी
तोंडावर हात न धरता जे बोलतात
ते सगळं मला ऐकू येतं.
*महिनाभर टिकली तरी खूप.*
*रंगवते बरी, पण खेळायचं कशाला?*
बाकीचं लिहीत नाही.

नोव्हेंबरातल्या स्पर्धेत रॉरीने एफीला उचललं,
चिमटीत, झुरळ धरावं तसं.
"असं कुणी या सैन्यात नाहीच."
मग पट्टी काढली. टोपीसकट साडेअठ्ठावीस.
"अर्धा जास्त. नियम म्हणजे नियम."

मी म्हटलं, पट्टी दे इकडे.
त्याचा सेनापती उभा होता, डोक्यावर लाल तुरा.
एकतीस.
कुणी काही बोललं नाही, ना आवाजाने ना ओठांनी.
फक्त लॉकलन म्हणाला, "माझेपण मोजायचे का?"
पट्टी खणात गेली.

आणि मी हरले.
चौथ्या फेरीत तीन फासे टाकले, तिन्ही एक.
एफी पडली आडवी, नियमाप्रमाणे,
बाकीचे पडतात तशीच.
समोरचा म्हणाला, "च्‌, नशीब," आणि पुढची चाल केली.

इतकं साधं हरणं
त्या तळघरात मला पहिल्यांदा मिळालं.

पलीकडे ओठ हलत होते.
मी पाहिलं नाही.
डबीत कापूस पसरून एफीला झोपवत होते,
कोटाचं सातवं बटण निघालं होतं,
ते कुठे पडलं, शोधत होते.