वर

पहाटे तीनला लाँग बीचहून व्हॅन आली.
समुद्रात उतरलेल्या यानातली पेटी,
जेवणाच्या डब्याएवढी.
ड्रायव्हर म्हणाला, इथे सही. आणि जांभई दिली.

डेलफिना ओचोआ सतरा वर्षं ला होयाच्या या तळघरात
माश्यांचा स्वयंपाक करते:
मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट, आगर.
आई म्हणते, तुझ्या केसांना आंबल्याचा वास येतो गं,
धुतलेस तरी.

पेटीत चिलटं.
गेली होती अंडी, परत आल्या माश्या.
जन्म वाटेत, पंख फुटले तेही वाटेत,
आणि तेवढ्या साऱ्या दिवसांत
कुणी एकदाही पडलं नाही.

क्वेन त्यांना पांढऱ्या दगडावर निजवते,
कात्रीच्या टोकाने पोट उघडते,
आतडं, चरबी बाजूला सारते.
पाठीला आतून चिकटलेली एक नळी.
हेच काळीज.
शिरा नाहीत, धमन्या नाहीत,
एक ओली पन्हळ, आवळते, सैलावते,
बनावट रक्ताच्या थेंबात
माशी संपल्यावरही चालूच.

कॅमेरा मोजतो.
जमिनीवर राहिलेल्या बहिणींची नळी रुंद.
वरून आलेल्यांची अरुंद, ठोका आहे पण रेटा नाही,
धागे एका दिशेला नाहीत.
ओढायलाच काही नव्हतं,
तर दोर पिळायचा कुणी आणि कशाला?

आपण म्हणतो, जीव हलका झाला.
क्वेन आकडा लिहिते आणि काही म्हणत नाही.

उरलेल्यांची चढण्याची परीक्षा डेलफिनाकडे.
नळी टेबलावर तीनदा आपटायची,
दहा सेकंदांत किती रेघ ओलांडतात, मोजायचं.
जमिनीवरच्या सगळ्या सरसर चढल्या,
त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
या तळाशी गोल गोल फिरल्या,
भिंत हीच जमीन असल्यासारख्या.
वर कुठे आहे, हे वजनच सांगतं.
वर मागावा लागतो,
आणि तो देणारी खाली असते.

दहा सेकंद झाले. तिने शून्य लिहिलं.
नळी मात्र खाली ठेवली नाही.

सकाळी मोजणीत एक कमी.
कुठे माशी शिंकली, म्हणून क्वेनने
झाकणं तपासली, कापूस तपासला,
पुन्हा मोजलं. एक कमीच.

डबा खाताना डेलफिनाला ती दिसली,
अर्ध्या पेरूच्या कडेला,
लाल डोळे, तिळाएवढा जीव.
आकाशातली की इथलीच, सांगायला खूण नव्हती.
नियम असा की सुटलेली मारायची.

तिने पेरू कपाला टेकवून उभा केला.
माशी थांबली.
पुढचे पाय एकमेकांवर घासले.
मग निघाली, सालीवरून,
किंचित तिरकी,
मध्येच विसरल्यासारखी,
कपाच्या काठाकडे.

डेलफिनाने घड्याळ पाहिलं नाही.