नाल नको

परळच्या प्रयोगशाळेत पाकिटं येतात.
आत केस, मुळासकट उपटलेले,
चिकटपट्टीवर आडवे, तीसेक.
मी मुळं कापून नळीत घालते.
उरलेला केस कुणी मागत नाही.

आजच्या पाकिटाला मेंढराचा वास.
फॉर्म धुळाप्पा वाघमोडेचा,
अक्षर मात्र शाळेतल्या पोरीचं, नीट, रेघेवर बसलेलं.
नाव कवडी. घोडी. रंग कुमाईत,
मागचा डावा पाय पांढरा.
उंची तेरा मुठी.
जात भीमथडी.
मूळ ठिकाण –
इथं पेन अडलंय. एक टिंब, दाबून दाबून मोठं झालेलं.
मग : गाव नाही. दिवाळी झाली की कोकणात,
मिरगाच्या आधी माघारी.

संगणक हे घेत नाही.
रकाना लाल होतो,
पिनकोड टाका म्हणतो.

सर म्हणतात, मूळ काय सांगणार,
सगळी सरमिसळ.
अरबी आले जहाजातून, तुर्की आले फौजांतून,
भीमेच्या आणि नीरेच्या थडीला
त्यांना गाठलं गावठी घोड्यांनी,
बाभळीच्या शेंगांवर पावसाळ्याची वाट बघणाऱ्या.
लोक असं सांगतात. कागद थोडे, तेही वाळवीचे.
मी मनात ते पहिलं शिंगरू बघते :
कानांचा तोरा बापाचा,
पोट मात्र आईचं, काट्याकुट्यावर भागणारं.

घरी, आग्रीपाड्यात, अब्बांना विचारलं.
आमचं आडनावच नालबंद.
व्हिक्टोरियाची घोडी गेली, मग तबेला गेला,
आता तिथं खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड होतात.
अब्बा ठिणग्यांकडं पाठ करून बसतात.
उरलेला केस त्यांच्या हातात दिला.
बोटांत फिरवला, दाताखाली धरला, हसले.
रेसचा नव्हे हा, म्हणाले. हा चालणारा.

एकदा एक धनगर आला होता
देवनारला बकरी ईदची मेंढरं पोचवून.
घोडी लंगडत होती. पाठीवर अख्खा संसार :
घोंगडी, वाघूर, तवा, दोन कोकरं,
वर कोंबड्यांचं खुराडं,
आणि खुराड्यावर झोपलेलं एक पोर.
नाल मार म्हणाला, मुंबईचा रस्ता बाधला हिला.
मी पाय उचलून मांडीवर घेतला.
घोडी म्हणजे काय, शेळीएवढी शांत.
हातोडीनं टापेवर टकटक केलं,
तर आवाज हंड्यासारखा, खणखणीत.
आत बाटलीची काच रुतलेली. ती काढली, हळद भरली.
म्हटलं, हिला नाल म्हणजे पैलवानाला कुबडी.
घेऊन जा.

पैसे?

कसले पैसे, काम केलंच कुठं.
त्यानं खुराड्यात हात घालून चार अंडी दिली.
एक अजून ऊन होतं.
तुझी अम्मी म्हणाली, दिवसभराची कमाई हीच का?

अब्बांनी आयुष्यात हजारो पाय धरले.
नाव आठवतं ते ज्यांनी उधारी बुडवली त्यांचं.
आणि ही एक, जिला काही लागलंच नाही.
जी काही मागत नाहीत, अब्बा म्हणाले,
ती दुकानातून आधी जातात
आणि हिशेबातून तर त्याच्याही आधी.
मग खोकला आला, तंबाखू शोधू लागले.

सकाळी पुन्हा तो लाल रकाना.
बारामती लिहू? दौंड?
कवडी जन्मली तेव्हा वाडा कुठल्या माळावर होता
हे त्या पोरीला तरी कुठं ठाऊक.
बंदर इथून फार लांब नाही.
त्या घोड्यांनी पहिला पाय टाकला असेल तो
इथंच कुठंतरी, खारट चिखलात,
घाट अजून दिसलाही नसताना.
मी टाकलं : ४०० ०१२.
रकाना हिरवा झाला.

सर विचारतील. विचारू देत.
उरलेला केस अब्बांनी
खिळ्यांच्या डब्यात ठेवलाय, गंज लागू नये म्हणून
तेलाच्या फडक्यात गुंडाळून.
कवडी एव्हाना खोपोली सोडून वर लागली असेल.