दोन खिडक्या

मंगळवारी, ऊन चढायच्या आत,
बिराजदारांची रेणू लॅपटॉप घेऊन आली.
विडी घरकुलच्या समाजमंदिरात सहा खुर्च्या, एक पंखा.
म्हणाली, मल्लेशम काका, दोन खिडक्या दिसतील,
एक पिवळी, एक निळी.
एकीत जास्त वेळा रुपया, दुसरीत जास्त वेळा दंड.
कुठली कशी ते मी सांगणार नाही.
तुम्ही शिकायचं.

शिकायचं.
एकाहत्तराव्या वर्षी हा शब्द
दातात अडकलेल्या कडक भाकरीच्या तुकड्यासारखा
जिभेला लागत राहिला.

मला शिकवलं ते मागानं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, सोळाव्या वर्षी.
टॉवेलात एक तार सुटली की आठ आणे कपात,
फुलाचा कोपरा चुकला की अख्खा रुपया.
मुकादम हातानं मारत नसे,
पेन्सिलीनं मारायचा, हजेरीच्या कागदावर.
महिन्याभरात कान तयार झाले.
धोट्याचा ठोका केसभर घसरला
की हात आपोआप हँडलवर.
डोकं मागाहून पोचायचं.
डोक्याला पगार नव्हताच.

तर पिवळी दाबली. रुपया.
पिवळी. रुपया. पिवळी. रुपया.
आणि मग, रात्रपाळीत कुणी न सांगता ताणा बदलावा,
तशी पिवळी दंड देऊ लागली.
शेजारच्या खुर्चीतला कॉलेजचा पोरगा
दोन दंडांत निळीकडे वळला.
मी नवव्या दंडापर्यंत पिवळीच्याच दारात.

लाल आकडा दिसत नाही का, काका?
दिसतो की गं.
लागत नाही पूर्वीसारखा.
चाळीस वर्षं कपात खाल्ली,
तळहाताला घट्टे पडले तसे आतही कुठं पडले असतील.
पण रुपयाची ती टिंग वाजली
की अजून शनिवार होतो:
पगाराचं पाकीट, चौकातली गरम भजी,
आणि सत्तेम्मा दारात, ओल्या हातांनी
नोटा मोजायला पदर शोधणारी.

दुसरा खेळ मुठीचा.
रबरी दांडा जोरात आवळला तर दहा गुण,
हलका धरला तर एक.
मी एकावरच खूश.
मूठ आता मोजकी उरलीय, रेणू,
बरणीचं झाकण आहे, नळ आहे,
बसचा दांडा आहे.
दहासाठी कोण उधळतो?

ती म्हणाली, बरं. आता हे गुण तुमचे नाहीत.
दुसऱ्या कुणाचे. नाव विचारू नका.

आणि हात आवळला गेला.
मी सांगितलं नव्हतं त्याला.
पुन्हा. पुन्हा. मनगटापर्यंत कळ आली तरी.
रेणू पडद्याकडं बघेना, माझ्याकडं बघू लागली.

मला यल्लप्पा आठवला.
पहाटे तीनला उभ्या उभ्या झोपायचा,
त्याचा माग तार तुटूनही धावत राहायचा,
आणि मी माझा सोडून पळायचो त्याचं हँडल पाडायला.
कपात त्याची वाचायची.
मला काय मिळालं?
अर्धी ओढलेली विडी, तीसुद्धा कधीकधी.
तेवढ्यावर पाय शिकले होते.

शेवटी तिनं दोन रेघा दाखवल्या,
पोराची भराभर चढलेली,
माझी वाकडीतिकडी, मधे बराच वेळ आडवी.
मी सवयीनं तिच्यात सुटलेली तार शोधत बसलो.

घरी आलो.
सुनेनं परवा डबे बदललेत:
साखरेच्या जागी मीठ, मिठाच्या जागी साखर.
माझ्या चहात तीन दिवस मीठ.
आज हात डब्याशी थांबला.
थांबला, एवढं रेणूला कळवायला हवं.
मग त्यानं मीठच उचललं.

सत्तेम्माच्या कपात मात्र
पहिल्या दिवसापासून साखरच पडली आहे.
ती म्हणते, आधी माझा चहा करत जा,
मग तुझा.