लाइट गेली तेव्हा तीन पाकिटं

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
दुपारी लाइट गेली आणि फ्रीझरला घाम फुटला.
आत सायुरीनं भरून ठेवलेली
गार्लिक ब्रेडची तीन पाकिटं.
‘बाबा, ओव्हनमध्ये आठ मिनिटं, बास.’
ओव्हन विजेवर. मी गॅसवर.

एकतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
लसणाच्या गोणी उतरवून घेतल्या, वहीत.
नुसत्या वासावर सांगायचो:
हा मंदसौरचा, हा जुन्नरकडचा,
हा ओला, परत पाठवा.
पाकीट फोडून हुंगलं.
हा कुठल्याच गाडीनं आला नव्हता.

पहिल्याचा केला चुरा.
मोहरी, हळद, कढीपत्ता,
शिळ्या पोळीला देतात तीच फोडणी.
लोणी आतच होतं, तेल वाचलं.

दुसरं लोखंडी तव्यावर उपडं,
वर पातेलं, पातेल्यावर वरवंटा.
कडा करपल्या.
कडाच आधी संपल्या.

तिसऱ्याला वास धरून चांगुणाबाई आल्या,
हातात मेणबत्ती न् जवळ्याची पुडी.
‘लोणी लावून कोन खातो कोरडा पाव?’
जवळा भाजला, कैरी किसली,
आणि मी डब्यातला लसूण ठेचला,
सहा पाकळ्या,
कुठंच न लिहिता.

सायुरीला फोटो पाठवला, बॅटरी चार टक्के.
ती म्हणाली, ‘आणि ओव्हन?’
तेवढ्यात फोन गेला.

पावणेआठला लाइट आली.
रिकामा फ्रीझर
उगाच गुरगुरत बसला.
चांगुणाबाई तव्याचा तळ
बोटानं पुसत होत्या.