जाळरेषा

माझा बाप वनमजूर होता, धारणीच्या रेंजमध्ये.
माघ सरता सरता तो जाळरेषा काढायचा.
स्वतःच आग लावायचा, हिरव्या फांदीनं थोपटत न्यायचा,
उन्हाळ्यातल्या मोठ्या आगीला
आधीच उपाशी ठेवायचा.

हे मी रुस्ताकच्या अलीकडच्या एका गावात सांगतोय,
तीन भाषा मोडून एक जोडत,
खजुराच्या बागेत, फलजच्या काठावर.
फलज म्हणजे आपला पाटच.
प्रत्येकाची पाळी मिनिटांवर मोजलेली,
आणि मागच्या जूनमध्ये आग लागली तेव्हा
पाळी हुमैदची नव्हती.

एकशे बारा झाडं.
वाळक्या झावळ्यांचे झगे बुंध्यांवर तसेच लोंबत होते,
तीन वर्षं कुणी छाटले नव्हते.
मालकांची पोरं मस्कतला, बागा आमच्या हवाली,
आणि आम्ही पगारापुरते.
जिना चढावा तशी आग चढली.

यंदा मार्चपासूनच विळे बाहेर आहेत.
मोफिजुल वर, कमरेला दोर;
खाली मी झावळ्या ओढतो.
दोन बागांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जमीन
खरवडून उघडी ठेवली आहे.
पंपाची नळी बसते का, ते दर गुरुवारी पाहायचं.
जुवैनाबाई शाळेतल्या पोरी घेऊन येतात,
विचारतात, पहिली हाक कुणाला? मग कुणाला?
पोरी ओरडून दाखवतात. शेळ्या उधळतात.

जळकी झाडं पाडू, असं मीच म्हणालो होतो.
कोळशाचे खांब, ठेवून करायचं काय?
हुमैदनं माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली,
रागानं नाही,
लेकराच्या हातून कात्री घ्यावी तशी.
बुंध्यावर तळवा ठेवला. म्हणाला, थांब.
सगळा हिवाळा आपल्या पाळीचं पाणी
त्यानं त्या खांबांना घातलं.
लोक हसले. मीही, पाठ फिरवून.

काल मोजले. एकोणतीस खांबांच्या टाळूतून
हिरवी सुई वर आली आहे.
बाकीच्यांच्या जागी पिल्लं लावतोय,
वाचलेल्या झाडांच्या पायथ्याची,
पहारीनं आईपासून तोडलेली,
ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली.

रात्री बापाला फोन लावला. त्याला आता कमी ऐकू येतं.
"जाळरेषा काढली का?"
काढली, म्हटलं. पण इथं जाळत नाहीत, नुसती खरवडतात.
बराच वेळ तिकडून काही नाही.
मग म्हणाला,
"वारा कुठून येतो, ते पाहून ठेव."