खर्चाचं कारण

तापकीर गल्लीत दुपारी एक वाजता घाई करू नये.
ओसवालांचा धाकटा डबा उघडून बसला होता.
खाकरा मोडत म्हणाला, 'गेमिंग?'
नाही.
'रेंडरिंग? व्हिडिओ?'
नाही. वाचन.
'वाचनाला कार्ड लागत नाही, काका.'
दोन पडद्यांवर वाचायचंय, म्हटलं.
तेव्हा त्यानं खाकरा खाली ठेवला.

आमचं ऑफिस नारायण पेठेत, दुसरा मजला,
खाली झेरॉक्स आणि लग्नपत्रिका.
लोक पिशवीतून जुनी खतं आणतात,
वाटणीपत्रं, गहाणखतं, विहिरीच्या पाळ्यांचे करार,
सगळी मोडीत.
पणजोबांनी अंगठा नेमका कशावर उठवला
हे कोर्टाला बाळबोधीत हवं असतं.
ते खळदकर बाई करतात.
मी हिशेब बघतो. आणि नळ, आणि बल्ब.

अकरा वर्षं त्यांचा कागद टेबलावर डावीकडे,
पडदा समोर.
ओळ वाचायला मान खाली,
ओळ लिहायला मान वर.
मागच्या महिन्यात गळ्याला पट्टा लावून आल्या.
तक्रार नाही. नुसतं म्हणाल्या,
आज अक्षरं जोडीनं आलीयेत.

साहेबांनी साडेचार हजार मंजूर केले
आणि तीन कोटेशनं सांगितली.
बल्बलाही तीनच लागतात.

धाकट्यानं पहिलं खोकं काढलं :
तीन पंखे, कडेनं निळे-जांभळे दिवे,
गणपतीच्या मांडवात शोभेल असं.
किंमत ऐकून मी चष्मा काढला.
'तुमच्या अरुंद कॅबिनेटमध्ये बसायचंही नाही,' तोच म्हणाला,
'आणि तुमचे अडीचशे वॅट ह्याला नुसते नाश्त्याला लागतील.'
दुसऱ्याला एकच पंखा. लावून दाखव म्हटलं,
कान जवळ नेला.
भुणभुण.
बाई ओळ पुटपुटत वाचतात,
अडलेला शब्द ऐकून ओळखतात.
नको.
तिसरं माळ्यावरून आलं, खोक्यावर धूळ,
पंखाच नाही,
नुसती काळ्या पत्र्याची फणी,
उंची अर्धी.
मागे एक नव्या पद्धतीचं भोक
आणि एक जुनं निळं, आमच्या जुन्या मॉनिटरसाठी.
'ह्यावर खेळ चालणार नाही हं, नंतर म्हणाल.'
तीन हजार आठशे.

थांब म्हटलं, आणि चिठ्ठीवर नाव लिहून समोर गेलो.
समोर दोनशे जास्त.
शेजारचा म्हणाला, असलं आता ओसवालच ठेवतात.
हेही कोटेशनच. लिहून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी बसवलं.
एक स्क्रू माझ्या खिशात उरला, अजून आहे.
दुसरा पडदा आधी काळा,
मग 'सिग्नल नाही',
मग केबल दाबली आणि उजाडलं.
डावीकडे मोडी, उजवीकडे बाळबोध.
बाईंनी तोच कागद दोन्हीकडे उघडून पाहिला,
नव्यावर निळसर, जुन्यावर हळद लागल्यासारखा.
खरा कुठला?
त्यांनी कपाटातून मूळ खत काढलं,
दोन पडद्यांच्या मध्ये धरलं,
म्हणाल्या, एकही नाही.
अर्धा तास आम्ही बटणं दाबत बसलो.

मग त्यांनी बाण हलवला.
तो डावीकडून निघाला, काठाशी पोचला,
आणि पलीकडच्या पडद्यावर निघाला
मोडीसारखाच, हात न उचलता.
त्या हसल्या.
आणि सवयीनं मान खाली गेली,
डावीकडे, टेबलावर,
जिथे कागद नव्हता.
चहाच्या कपाचा एक गोल होता, बराच जुना,
मी तो कधी पाहिला नव्हता.

व्हाउचरवर 'खर्चाचं कारण' असा रकाना असतो.
मी 'संगणक सुधारणा' लिहिलं. खोडलं.
'मान' लिहिलं.
ऑडिटर विचारतील, ती मान की तो मान?
विचारू देत.