चौसष्ट किलो दोनशे

एकवीस दिवस
सोल्ब्योर्गचं वजन चौसष्ट किलो दोनशे.
ट्रॉनहाइममध्ये आमच्या पडद्यावर
तिची रेघ इतकी सरळ
की पाहुणे आले की आम्ही तीच दाखवायचो.
बघा, म्हणायचो, किती नियमित.

हृदय थकलं की अंगात पाणी साचतं
आणि काट्यापासून पाणी लपत नाही,
एवढ्या एका वाक्यावर आमचं ॲप उभं होतं.
रोज सकाळी वजन करा, आकडा भरा.
तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लाल.
नाहीतर हिरवं.

त्या हिरव्यासाठी सहा बैठका झाल्या.
गवताचा नको, दवाखान्यातल्या पडद्यांचा नको.
शेवटी मीच सुचवला,
ओहोटीनंतर खडकावरच्या शेवाळाला ऊन लागतं, तेव्हाचा.

बाविसाव्या दिवशी नर्स गुडवाइगचा फोन:
"बेटावर जाऊन ये. तुझी रेघ खोटं बोलतेय."

फेब्रुवारी. बोटीनं चार तास.
नऊच्या पुढे उजाडतं आणि तीनच्या आत आवरतं घेतं.
धक्क्याजवळच्या लाकडी मांडवांवर
शेपटीला शेपूट बांधून कॉड वाळत घातलेले.
त्यांचंही वजन रोज उतरत असणार,
कुणाला न कळवता.

सोल्ब्योर्ग दारात. ऐंशीला दोन कमी.
पायात नवऱ्याचे बूट.
"माझे चढत नाहीत हल्ली," म्हणाली
आणि कॉफी ओतायला वळली.
मी ऐकलं. लिहून घेतलं नाही.

काटा मागच्या खोपटात निघाला,
लोकरीच्या पोत्याखाली.
"तो बोलतो," ती म्हणाली,
"आकडा मोठ्यानं सांगतो.
भिंत पातळ, आणि पलीकडे दीर राहतो."
(डोळ्यांनी अधू माणसांसाठी आम्ही दिलेला आवाज.
त्याला बक्षीस मिळालं होतं.)

मग रोजचा आकडा?
"पहिल्या दिवशीचाच भरते. हिरवं येतं.
मागच्या महिन्यात एकदा खरा भरला तर लाल आलं,
कुणी पोरगा फोनवर हेलिकॉप्टरचं नाव काढायला लागला.
मेंढ्या कोण बघणार होतं?
शिवाय रंग छान आहे, सकाळी कॉफीबरोबर.
कुणी निवडला?"

मी कपात बघत राहिले.

मग ती बसली. बूट काढला, मोजा उतरवला.
"दाब," म्हणाली.
घोट्याच्या वर अंगठा दाबला. काढला.
खळी पडली.
गालावरची नव्हे, हसू ओसरलं की भरून येते ती.
ही तिथंच राहिली, माझ्या अंगठ्याच्या मापाची,
मळलेल्या कणकेत बोट रुतावं तशी.

वर्षभर मी काचेवरची बोटं अभ्यासली होती:
कुठं थबकतात, कुठं चुकतात,
कुठून मागे फिरतात.
काचेवर त्यातलं काही उमटलेलं नव्हतं.

"गुडवाइगही असंच बघते," सोल्ब्योर्ग म्हणाली.
"तिचा अंगठा गार. तुझा बरा आहे."

संध्याकाळच्या बोटीनं तिला नेलं.
मेंढ्या दिरानं घेतल्या, कुरकुरत.

सोमवारी बैठक.
एक म्हणाला, सलग तोच आकडा आला तर घ्यायचाच नाही.
दुसरी म्हणाली, घोट्याचा फोटो मागू.
मी म्हटलं, आकडा सोडा, एवढंच विचारू:
आज बूट चढले का?
"आणि उन्हाळ्यात?" ओडवार म्हणाला.
"अंथरुणालाच खिळलेल्यांना?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
फळ्यावर बुटाचं चित्र तेवढं राहिलं,
नाडी न काढलेलं.

हिरवा मी दोन छटा फिका केला.
त्यानं काय होणार, ठाऊक नाही.
सोल्ब्योर्गनं घरी परतल्यावर कळवलं,
कॉफीबरोबर आता तितकासा शोभत नाही.
खाली आकडा: त्रेसष्ट किलो सातशे.

खरा असावा.